रांजणाखालची रिंग

अकरा वर्षं मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते आणि त्या अकरा वर्षांत कुणाचीही तोंडी तक्रार मी ऐकून घेतली नाही. गच्ची गळते? लेखी द्या. वरच्या मजल्यावर पहाटे खलबत्ता कुटतात? लेखी द्या. सगळा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला, त्यामुळे अर्जातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परतही पाठवायचे. उभ्या वर्तकनगरात माझ्याइतकी नावडती सेक्रेटरी नसेल. पण आमच्याइतका स्वच्छ जिनाही कुठे नसेल.

तळमजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची, उंची बेताची आणि हातात सदैव बॉल. कुणा जुन्या मेंबरने आपल्या मुलांसाठी पार्किंगच्या भिंतीवर बास्केटबॉलची रिंग ठोकून घेतली होती. ती मुलं मोठी होऊन निघून गेली, रिंग राहिली. त्यातला एक तिला लोंबकळलेला, म्हणून ती एका बाजूला चांगलीच वाकली होती. त्या वाकड्या रिंगमध्ये ही पोरगी रोज दुपारी दोन ते पाच बॉल टाकायची. धप, धप, धप. मी दुपारची झोपणारी बाई. एकदा खिडकीतून सांगितलंही, "अगं, हा उंच मुलांचा खेळ. तुझ्या उंचीला कॅरम बरा." ती म्हणाली, "हो काकू." आणि पुन्हा धप.

मे महिन्यात ती आजोळी गेली तेव्हा मी प्लंबरला बोलावून रिंग काढून घेतली. ठराव नाही, नोटीस नाही, लेखी काहीच नाही. चांगलं लोखंड फेकायला जीव होईना. गावाहून आणलेला एक रांजण गॅलरीत विटांवर डुगडुगत होता. आमच्या ह्यांनी वेल्डरकडून रिंगला तीन पाय लावून आणले, वर हिरवा रंग मारला आणि रांजण त्यात असा बसला की काही विचारू नका.

जूनमध्ये पोरगी दारात. "काकू, रिंग कुठे गेली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "महापालिकेने नेली." वर सवयीने जोडलं, "वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज दे."

ती मान डोलावून गेली. पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. दुपारची झोप छान लागायला लागली होती.

पुढे नर्सबाईंनी घर बदललं. आणि मग एक दिवस ती पोरगी भारताच्या जर्सीत टीव्हीवर दिसली. दोन धिप्पाड मुलींच्या मधून वाकून निघाली आणि बॉल टाकून मोकळी. सोसायटीच्या गेटवर तिचा बॅनर लागला आणि पाठोपाठ तिच्यावर डॉक्युमेंटरी करणारी मंडळी आली. त्या आठवड्यात मला कळलं की आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला ती मोठी होणार हे पहिल्यापासून माहीत होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तिचे दोन बॉल सुरीने फोडले होते, त्यांनी कॅमेऱ्यापुढे डोळे पुसले.

मी पैठणी नेसून तयार होते. पण दिग्दर्शक मुलाला आमचा हॉल आवडला नाही. "मॅडम, इथे ऑफिसमध्ये बसल्यासारखं वाटतंय. गॅलरीत बसूया का? तो रांजण मागे येऊ दे, एकदम घरगुती फील येईल." मी उत्साहाने रांजण पुसला आणि त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातला. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला खालची रिंग आठवलीसुद्धा नाही. इतक्या वर्षांत ती तिवईच होऊन गेली होती.

"सोसायटीने तिला पहिल्या दिवसापासून प्रोत्साहन दिलं," मी म्हणाले. आतून ह्यांना जोराचा ठसका लागला, म्हणून ते वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून सगळ्यांना ती डॉक्युमेंटरी दाखवली. पहिल्या रांगेत ती, तिची आई आणि शेजारी मी. पडद्यावर ती सांगत होती, "आमची रिंग महापालिकेने नेली असं कळलं, म्हणून मी वॉर्ड ऑफिसला गेलेले. तिथल्या शिपाईकाकांनी बिचाऱ्यांनी अख्खं गोडाऊन उघडून दाखवलं. हातगाड्या होत्या, बोर्ड होते, रिंग नव्हती. मी तीनदा गेलेले. मग कोपरीत एका मैदानावर रिंग आहे असं कळलं, तर रोज बस बदलून तिकडे जायला लागले. उन्हातून परत आले की सेक्रेटरी काकूंकडे पाणी प्यायचे. त्यांच्याकडे रांजण होता. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तसं गार पाणी कुणाकडे नव्हतं."

लगेच पडद्यावर मी. पैठणी, गजरा, प्रोत्साहन. आणि माझ्या खांद्यामागे हिरवी, एका बाजूला वाकलेली, नेट अडकवायच्या हुकांसकट ती रिंग.

"आयला, ही तर आपली रिंग!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसून हसून लोळायला लागला. चौथ्या मजल्यावरचे काका सगळ्यात जास्त. मी शेजारी बघितलं. ती हसत नव्हती. पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

मला ती दारातच उभी राहून पाणी पिताना आठवली. लाल झालेलं तोंड, घामाने चिकटलेले केस. "अजून एक ग्लास देऊ?" मी प्रेमाने विचारायचे आणि त्याच रांजणातून भरून द्यायचे. लाज वाटते म्हणजे काय होतं, ते मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

उठून मी तिला घरी घेऊन आले. ह्यांनी आणि तिने मिळून रांजणातलं पाणी कुंड्यांना घातलं, रांजण खाली उतरवला. तिने ती तीन पायांची रिंग उचलून वाकलेल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"मीच काढली गं," मी म्हणाले. "महापालिकेने नाही. झोपमोड होते म्हणून काढली आणि तुझ्याशी खोटं बोलले. चुकलं माझं."

तिने रिंग खाली ठेवली. मग म्हणाली, "काकू, लेखी द्या."

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती उभीच राहिली. मी सोसायटीचं लेटरहेड काढलं आणि लिहिलं. आयुष्यात हजारभर नोटिसा लिहिल्या असतील, पण या चार ओळींना तीन कागद फाडावे लागले. तिने शेवटचा कागद सावकाश वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि रिंग काखेत मारली.

"पाणी द्या ना," दारातून ती म्हणाली.

रांजण तर रिकामा. मी फ्रिजमधली बाटली काढून ग्लास भरून दिला. तिने उभ्याउभ्याच तो संपवला.

"तेव्हाच्याइतकं गार नाही," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.