वखारीचं दार

मी कॅनडाला निघाले त्या सकाळी अण्णांनी रिक्षा बस स्टँडवर नेण्याआधी शाळेकडे वळवली. अण्णा म्हणजे माझे वडील, निपाणीतल्या आपल्या मराठी शाळेचे हेडमास्तर. सुट्टीचा दिवस होता. लोखंडी दाराचा आडवा अडसर काढून ते म्हणाले, "एकदा आत जाऊन ये." विमान चुकेल या धास्तीने मी उंबऱ्यावरूनच नमस्कार केला आणि परत रिक्षात बसले. मी जात्याच भित्री भागूबाई. त्या दिवशी आत गेले नाही याची रुखरुख मात्र अजून आहे.

आता शाळा बंद होतेय आणि तुम्ही जुने विद्यार्थी तिचा इतिहास लिहिताय, म्हणून माझ्याही या चार ओळी. शाळा मुळात तंबाखूची वखार. पिढ्या गेल्या तरी वास गेला नाही. नवी पोरं पहिला आठवडा शिंकण्यातच घालवायची. पुढे गाव या राज्याचं की त्या, यावरून मोर्चे निघू लागले. दगड पडायला लागले की अण्णा अडसर लावत आणि आपल्याला जमिनीवर बसवत. मग एकेकाची आई दाराशी येऊन हाक मारी. पोराने आवाज ओळखून ओ दिली की अण्णा दार किलकिलं करत. "आपल्या माणसाच्या हाकेला ओ द्यावी," असं ते म्हणत. आईची हाक येईपर्यंत मी घाबरून दाराकडे कान लावून बसलेली असे.

गेल्या मार्चमध्ये इथे ग्वेल्फला माझ्या मीराच्या शाळेतून मेसेज आला: लॉकडाऊन आहे, पालकांनी शाळेकडे येऊ नये. म्हणजे कुणी हत्यारबंद माणूस आल्याची शंका, म्हणून वर्ग आतून बंद. मीरा चौथीत आहे. शाळा आमच्यापासून दोन चौक. घरातल्या स्लिपर्सवरच मी बर्फातून धावले. पुढे पोलिसांच्या गाड्या होत्या, म्हणून मागून तिच्या वर्गाच्या खिडकीशी गेले. दिवे बंद, पडदे ओढलेले. जिवाच्या आकांताने ओरडले, "मीरा, ए मीरा, मी आलेय गं." काच बडवली. आतून ओ आली नाही. त्या क्षणी मनात जे आलं ते मला लिहवत नाही.

एका पोलीसबाईने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "मॅम, यू आर स्केअरिंग द किड्स," ती म्हणाली.

तासाभराने कळलं, कुणीतरी धमकीचा खोटाच फोन केला होता. मीरा बाहेर आली तेव्हा पांढरीफटक पडली होती.

"आई, आय हर्ड यू," ती म्हणाली. "वी आर नॉट अलाउड टू आन्सर. नॉट इव्हन अवर मॉम्स. सो आय कव्हर्ड माय माउथ."

माझ्या हाकेला ओ जाऊ नये म्हणून माझ्या लेकीने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. शिवाय वर्गातली बाकीची पोरं माझ्याच बडवण्याने रडली होती. लाजेने मेल्यासारखं झालं.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिच्या बाईंनी बरोबर शिकवलंय. इथे आता शाळा चालवत असतो तर मीही हेच शिकवलं असतं."

आपली शाळा बंद होतेय यापेक्षा त्यांच्या त्या वाक्याने मला जास्त रडवलं.

मीराकडे घराची किल्ली आहे, पण त्या दिवसापासून ती वापरत नाही. साडेतीनला पोर्चवर उभी राहून "आई" अशी हाक मारते. मी आतून ओ देते आणि मग दार उघडते. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं. तीन वाजल्यापासून मी दाराशी येऊन उभी असते, आणि ती हाक येईपर्यंत मला भीती वाटते.