चिठ्ठीचा वरचा भाग

आमच्या ह्यांच्या डॉक्टरच्या प्रत्येक चिठ्ठीचा वरचा भाग मी कात्रीनं कापून टाकायची. तिथं ठळक अक्षरात 'मानसोपचारतज्ज्ञ' छापलेलं असायचं, आणि मनीषनगरातला मेडिकलवाला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. औषधाच्या नावावरूनच त्याला सगळं कळत असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी मी हुशार!

हे बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर. एके दिवशी कंपनीच्या बसमधून अर्ध्या वाटेत उतरले आणि भर उन्हात चालत घरी आले. बसमधले लोक आपल्याबद्दलच बोलून राहिले, म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवा म्हटलं तर जेवायचे, नाहीतर तसेच. रजेचा अर्ज मलाच लिहावा लागला. कारण काय लिहिणार? कंबरदुखी लिहिलं. पुढचे सगळे अर्जही कंबरेचेच. अधूनमधून बरं वाटलं की हे कामावर जायचे, परत पडायचे. नातेवाईक कंबरेची चौकशी करायचे आणि मी शेकण्याच्या गोष्टी सांगायची.

शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना आता मशीनवर पाठवू नका. आजारपणामुळे काम सुटलं तर कंपनीच्या विम्यातून अर्धा पगार मिळतो. घरात दुसरी कमाई नव्हती, मुलगी बारावीत. मी दावा टाकला. कंपनीचं उत्तर आलं: रजेच्या एकाही अर्जात मानसिक आजाराचा उल्लेख नाही, सोबत जोडलेल्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरचं नाव नाही, कंबर तपासणीत ठणठणीत आहे. दावा नामंजूर.

मी तणतणत गिरणीच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी माझेच अर्ज टेबलावर पसरले. "अक्षर तुमचंच ना, मॅडम?" माझंच होतं. शाळेत ज्याच्यासाठी बक्षीस मिळालं होतं, तेच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

युनियनचे भाऊ मला गेटवर भेटले. ह्यांच्याच खात्यात काम केलेले. ते म्हणाले, "मनाच्या आजारालेही विमा लागू आहे जी, कायदाच तसा आहे. अपील करू. डॉक्टरकडून सगळे कागद नव्यानं आणा." डॉक्टरांनी दिले. राहिला माझा जबाब. मी लिहिलं, 'गैरसमजातून चुकीचे कारण नमूद झाले.' भाऊंनी त्यावर रेघ मारली.

"गैरसमज कोणाचा, वहिनी? काहून लिहिलं, तेच लिहा. नाहीतर ते तुम्हाले खोटारडं ठरवतीन." मग खाली बघून म्हणाले, "आम्हा सगळ्यांले माहीत होतं. ते मशीन बंद करून रडत बसायचे. तुम्ही कंबर म्हणत होत्या, म्हणून आम्हीही कंबरच विचारत होतो."

मला भाऊंचा राग आला, त्या ऑफिसातल्या बाईचा आला, सगळ्या गिरणीचा आला. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. घरी येऊन ओट्यावरच कागद ठेवला आणि लिहिलं: माझ्या नवऱ्याला मानसिक आजार आहे, हे कोणाला कळू नये म्हणून मी कंबरदुखी लिहिली. मला त्याची लाज वाटत होती.

दावा ह्यांचा, त्यामुळे खाली ह्यांची सही लागणार होती. औषधांनी सुस्त असतात, न वाचताच करतील, असं मला वाटलं होतं. पण हे उठून बसले, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवत वाचत गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"तुले माझी लाज वाटत होती काय वं?"

नाही म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं तोंडाला तीच सवय लागली होती. पण कागद त्यांच्या हातात होता आणि अक्षर माझं होतं.

"हो," मी म्हटलं. "वाटत होती."

"मलेही," ते म्हणाले, आणि पेन मागितला.