शेवरीवरची पिवळी फुलपाखरं

माझं माहेर वरवंडचं, कालव्याच्या पाण्यावरचं. तिथं बांधाबांधाला शेवरी आणि शेवरीभोवती सदा पिवळी फुलपाखरं. सासर पाबळचं, कोरडंठाक. लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून येताना मी शेवरीचं बी पदराच्या गाठीत आणलं आणि विहिरीच्या कडेनं टोकलं. शेळ्यांना पाला होईल, असं सासूबाईंना सांगितलं. खरं म्हणजे मला सासरी करमत नव्हतं.

करमणार कसं? आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. मामंजी आले की पदर ओढून भिंतीला चिकटायचं. मी वाढत असले तरी "भाकरी देऊ का?" हे सासूबाईंनी विचारायचं. वर्ष होत आलं, मामंजींनी माझा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. आणि माहेरी माझं तोंड म्हणजे चालू रेडिओ!

पावसाळ्यात शेवरी कमरेएवढी झाली आणि एक दिवस तिच्यावर पिवळं फुलपाखरू! मग पाच-पंचवीस. मला वाटलं, बाई गं, वरवंडहून माझा माग काढत आली की ही! पुढं लेकीच्या पुस्तकातून कळलं, ही फुलपाखरं आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळीकडं असतात. मधे पाबळ लागतंच. पण तेव्हा कोण सांगणार?

थोड्याच दिवसांत पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या. मामंजींनी कांद्यावरचं औषध कालवून पंप पाठीला लावला. मी धुणं टाकून पळत सुटले, ती शेवरीच्या पुढ्यातच उभी राहिले.

"मामंजी, मारू नका! माझ्या माहेरची हायती ती!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.  आता कायमचीच माहेरी धाडतात, असं मला वाटलं.

"आळ्या माहेरच्या?" मामंजींनी विचारलं.

"व्हय. त्यांचीच फुलपाखरं व्हत्यात. पाला काय, परत फुटतो. आन् औषधाचा पाला शेळीला बाधंल." एकदा तोंड सुटलं ते सुटलं.

"बरं, ऱ्हाऊ दे," म्हणून त्यांनी पंप उतरवला. संध्याकाळी जेवताना मात्र सासूबाईंना ओलांडून थेट मलाच विचारलं, "तुमच्याकडं कालव्याला पाणी कवा सोडत्यात गं?" मग रोजच काही ना काही निघायला लागलं.

दिवाळीला दादा न्यायला आला. मामंजी त्याला म्हणाले, "न्या, पर लवकर आणून सोडा. घरात बोलायला माणूस न्हाई."

"मग मी कोण हाय?" सासूबाई चुलीपासून ओरडल्या.

भाऊबीज झाली आणि मीच दादाच्या मागं लागले, "चल, सोड मला पाबळला."