तात्या बाहेर बसले

बारामतीजवळच्या जळोचीत आमच्या शेजारीच तिचं घर. बाप बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नसराई संपली की चूल एकवेळच पेटायची. नव्वदच्या सुमारास ती बिघडलेले टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता त्यातलं तंत्र शिकली आणि पत्र्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करू लागली. मी घरातला पहिला पदवीधर. तिथं माझं काम रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद करायचं.

कोरसमधल्या बायांना ती सांगायची, "बांगड्या काढा. त्यास्नी गाता येत न्हाय."

पहिली कॅसेट भीमगीतांची. खर्च वडगावच्या हौशी तात्यांचा. ही बुडाली तर दुसरी तिला कुणी देणार नव्हतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तात्या समोरच बसले. कडवं रंगलं की ते दहाची नोट पुढं करायचे आणि स्टेजची सवय असलेला गायक गाणं थांबवून म्हणायचा, "तात्यांकडून दहा रुपये, मंडळ आभारी आहे!" मग पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी तिनं हेडफोन काढला. "तात्या, तुमी बाहेर बसा."

"पैसा माझा हाय, पोरी."

"म्हणूनच त्यो वाया जाऊ देत न्हाय."

तात्या उठले. आम्हाला वाटलं, कॅसेट गेली. पण ते दाराबाहेर खरंच बसले आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यावर ओरडले, "ए, बंद कर त्ये! आत गाणं चाललंय!"

ते ओरडणं टेपवर आलं. पुन्हा घ्यावं लागलं.

भीमजयंतीला बारामतीच्या स्टँडवर ती कॅसेट वाजत होती. कव्हरवर तात्यांच्या फोटोखाली छापलं होतं, ध्वनिमुद्रण व निर्मिती, आणि पुढं तिचं पूर्ण नाव.