फर्दापूरला पाठवलेली माणसं

रक्त आणि माती, माणूस या दोनच गोष्टींनी घडतो, असं आमचे अप्पा संभाजीनगरला चिकलठाण्याच्या विमानतळावर म्हणाले. समोर दारावर बंदूक घेतलेला जवान उभा होता, त्यानंही मान डोलावली. अप्पांच्या हातात तेव्हा एक पिशवी होती. माझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून मी ती दारातूनच परत दिली होती. आत चार किलो ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि आमच्या शेतातली तूरडाळ. म्हणजे माती पुंडलिकनगरला, आमच्या घरी, परत गेली. रक्ताला वजनाची मर्यादा नसते, ते विमानात चढलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. शेजारी ट्रॉली धरून अभय उभा होता. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते आणि त्याला जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात, गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. निरोपाला आई होती, माझा धाकटा भाऊ निखिल होता, नाशिकहून सासू-सासरे आले होते. बापूकाका नव्हता. सासू-सासरे येणार म्हणून त्याला आदल्या दिवशीच फर्दापूरला पाठवलं होतं.

बापूकाका हा अप्पांचा धाकटा भाऊ. आमच्या घरात जिन्याखालच्या खोलीत राहायचा, अजूनही राहतो. बोलायचा थोडं, आणि तेही बहुतेक आदल्या दिवशीचंच. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात. ताटात भात डावीकडं, वरण उजवीकडं. दोन्ही एकमेकांना लागले तर ताट तसंच राहायचं. रोज सकाळी चालत शहागंजात जायचा आणि एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या ताग्यांच्या घड्या घालायचा. दुकानाच्या मालकांना आम्ही चाचा म्हणायचो. ते नव्या गिऱ्हाइकाला आधीच बजावत, "इनकू छेडो नक्को. इनके जैसी तह पूरे शहागंज में कोई नईं लगाता." तह म्हणजे घडी. याहून नेमकं निदान काकाचं पुढं कुणी केलं नाही. उपचारही तोच होता, हे मला फार उशिरा कळलं.

घरातली निदानं वेगळी होती. आजीनं ग्रहणात भाजी चिरली होती. लहानपणी बैलगाडीतून पडून त्यानं धसका घेतला होता. एक टायफॉइडही होता, तो नेमका कुठल्या वर्षी यावर आत्यांचं कधी एकमत झालं नाही. या सगळ्या कारणांत एक गुण समान होता. ती सगळी बाहेरची होती. निखिल गणितात पहिला आला की ते आमचं रक्त. मी उलट बोलले की ती कॉलेजची हवा. चांगलं तेवढं सगळं वंशातून यायचं आणि वाईट सगळं वाऱ्यावरून. ही विभागणी इतकी सोयीची होती की ती शास्त्रीय आहे की नाही हे कुणी विचारलं नाही.

मला पाहायला चार स्थळं आली. चारही वेळा काकाला अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरच्या एका लॉजवर पाठवलं. त्याची पिशवी मीच भरायची. दोन शर्ट, इस्त्री केलेले, कारण सुरकुती त्याला सहन होत नसे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची आणि मी चेन ओढायची. लॉजच्या मॅनेजरचा समज झाला होता की हे गृहस्थ लेण्यांवर ग्रंथ लिहितायत. काकानं लेणी एकदाही पाहिली नव्हती. तिथं गर्दी असते.

चौथं स्थळ अभयचं. पुढं माहेरी आलो की जावई घरात येण्याआधी काका फर्दापूरला पोचलेला असे. अभयला सांगितलं होतं की एक अविवाहित काका आहेत, अध्यात्मात असतात, मौन पाळतात. अभयला त्यांच्याविषयी आदर होता.

तुम्ही जे तिथंच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्यांनी तुम्हाला तसं वाटू दिलं. खरं सांगायचं तर नोकरी अभयची होती, पण निघायची घाई मला होती. घरात कुणी आलं की एक माणूस कमी करायचा, या हिशेबातून मला बाहेर पडायचं होतं. आमच्या जर्मन गावात रविवारी गवत कापायलाही बंदी आहे, बस ठरल्या मिनिटाला येते आणि कुणी कुणाच्या लेकराचा गालगुच्चा घेत नाही. पहिली दोन वर्षं मला हे गाव निर्जीव वाटायचं. मग इरा झाली, आणि हे गाव जणू तिच्याच मापानं शिवलेलं निघालं.

ती तीन वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. इरा नावानं हाक मारली तर वळत नाही, मुलांत खेळत नाही, पण खेळण्यातले सगळे हातरुमाल कडेला कड जुळवून ठेवते. टर्मिन मिळायला, म्हणजे डॉक्टरांची वेळ मिळायला, सात महिने लागले. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या आणि मोठ्या शब्दांचा त्यांना कंटाळा असावा. म्हणाल्या, हे ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द भारदस्त आहे, आमच्या काही नातेवाइकांना ती अजून साधनेतली एखादी पायरी वाटते.

बाईंनी समजावून सांगितलं. याचं एकच असं जनुक नसतं, अनेक लहान लहान गोष्टी एकत्र येतात, त्यातला बराच वाटा वारशाचा असतो आणि काही गर्भातल्या परिस्थितीचा. आई नोकरी करते, मोबाईल देते, घरात दोन भाषा बोलते, म्हणून हे होत नाही. पण लेकराला जगणं किती अवघड जाईल, हे मात्र भोवतालची माणसं बऱ्यापैकी ठरवतात. मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, कुटुंबात आणखी कुणी?

"कुणीच नाही," अभय म्हणाला. अगदी मोकळेपणानं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. बाईंनी रकान्यात एक आडवी रेघ मारली.

जनुकं आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी येतात. झाकायची सवय मला दोन्हीकडून पुरती आली होती. एवढ्या लांब येऊन मी फर्दापूर बरोबर आणलं होतं. त्या दिवसापासून घरात एक खोली कायम बंद असल्यासारखं झालं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, आमच्याकडं असं कुणी नाही बाई, तिकडच्या थंडीनं झालं असेल. मी म्हणायची, असेल. अभय वाचायचा, माहिती काढायचा, हे आलं कुठून म्हणून स्वतःच्या आजोबांपर्यंत संशय घ्यायचा. मी समोर बसून भाजी निवडायची. सांगायचं तर आता केवळ काका सांगून भागणार नव्हतं. लग्न, सहा वर्षांचा संसार आणि तो फॉर्म, सगळंच सांगावं लागलं असतं.

इरा सात वर्षांची झाली आणि निखिलचं लग्न ठरलं, सिल्लोडच्या मुलीशी. आईचा फोन आला.

"बापूला चार दिस फर्दापूरला पाठवायलोत. मी काय म्हणते, इराला बी त्याच्यासंगं ठेवलं तर? लई गोंगाट राहतो लग्नात. लेकराला तरास." मग आवाज खाली आला. "आन् पाव्हणे इचारतेत गं. निखिलचं होऊ दे एकदा."

विचार करायला मी वेळ मागितला असता तर बरं दिसलं असतं. तेवढाही मागितला नाही. "बरं," म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता माझ्या पोरीची पिशवी मला भरायची होती.

घरी पोचलो. काका गेलेला होता. इरा अनोळखी जागी आमच्यापैकी एकाशिवाय राहणार नाही हे उघड होतं, पण ते आईच्या योजनेत कुणी धरलंच नव्हतं. अभय चहाचा कप ठेवत म्हणाला, "मी जातो तिच्याबरोबर. हळदीला माझं काय काम? काकांचं दर्शनही होईल."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. नको म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इराच्या पिशवीची चेन ओढली आणि दोघांना जीपमध्ये बसवलं.

निखिलला हळद लागत होती आणि मी फोन मुठीत धरून बायकांत बसले होते. आई दर दहा मिनिटांनी जवळून जायची आणि नुसत्या भुवयांनी विचारायची. माझ्या लग्नाचं काय होणार हे त्या क्षणी शंभर किलोमीटरवरच्या एका लॉजमध्ये ठरत होतं आणि मी लोकांच्या गालांना हळद लावत होते. दुपारी दोनला फोन आला. मी जिन्याखालच्या खोलीत जाऊन दार लावलं.

"तुझे काका मौनात नाहीत," अभय म्हणाला.

मी काकाच्या कॉटवर बसले.

"ते इरासारखे आहेत."

"जेवली का ती?"

"जेवली. दोघांनी भात एकीकडं, वरण दुसरीकडं." आणि मग, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

"बहुतेक नाही," तो म्हणाला. अभय खोटं बोलत नाही. हा गुण आमच्या घराण्यातून आला, असं सासूबाई सांगतात. त्या दिवशी मला तो दोषच वाटला. थोड्या वेळानं म्हणाला की लॉजमधल्या चादरी संपल्यात. काकानं आणि इरानं, एकमेकांकडं न बघता, सगळ्यांच्या घड्या घातल्या होत्या. मॅनेजर आता पडदे काढून देत होता.

ती तिथं खुशीत होती. लग्नात बँड होता, तोफा होत्या, तिथं ती कोसळली असती. हे सगळं खरं आहे. पण आम्ही तिला पाठवलं होतं ते यासाठी नव्हे. या दोन गोष्टी मी अजून एकत्र बसवू शकलेले नाही.

संध्याकाळी अभयचा दुसरा फोन आला. लॉजवर आणखी एक बाई होत्या, पन्नाशीच्या. कुणाशी बोलत नव्हत्या, एकाच पायरीवर एकाच बाजूला बसत होत्या. सोबतच्या मावशीनं त्याला सांगितलं, "आमच्याकडं लगीन हाय ना, संभाजीनगरला. म्हून हिला इकडं आणलं." कुणाचं लग्न, विचारलं तर तिनं आमच्याच नवरीचं नाव घेतलं. त्या बाई नवरीच्या सख्ख्या आत्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मांडवात एका पुढाऱ्यानं माईक घेऊन सांगितलं की दोन निष्कलंक घराण्यांचा हा संगम आहे. टाळ्या पडल्या. अप्पांनी हात जोडले, नवरीच्या वडिलांनीही जोडले. दोघांच्या घरची आणखी माणसं कुठं आहेत हे त्या मांडवात फक्त मलाच माहीत आहे, असं मला वाटत होतं.

जर्मनीत परतल्यावर मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं की मी तेव्हा खरं बोलले नव्हते. त्यांनी रेघ खोडून तिथं काकाचं नातं लिहिलं. म्हणाल्या, धन्यवाद, पण यानं इराच्या बाबतीत काही बदलत नाही. अभय तीन महिने माझ्याशी कामापुरतं बोलला. बदललं ते तिथं.

मग निखिलनं कळवलं की बायकोला दिवस गेलेत. आता गप्प बसले तर मी तिची अपराधी होणार होते, आणि बोलले तर दोन्ही घरांची. दोन दिवस घालवून मी फोन केला आणि काकाचं, तिच्या आत्याचं, सगळं एका दमात सांगितलं.

"ताई," निखिल म्हणाला, "तिला माहितीय. मला बी माहितीय. लग्नाआधीच बोललो आम्ही. तिच्या घरी त्या लॉजचं नाव तिच्यामार्फत मीच सुचवलं होतं. म्हटलं, दोघांना एकमेकांची सोबत होईल."

"आणि अप्पांना?"

"त्यांना कशाला? त्यांना वाटतंय त्यांनी झाकलंय. वाटू दे."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की असं आधीच बोलून टाकणं माझ्या लग्नात मला सुचलं नव्हतं. आणि सुचूनही, काकाला पाठवायचं ते निखिलनं पाठवलंच होतं.

आता घर कुठलं म्हणशील, असं फोन ठेवता ठेवता निखिलनं विचारलं. मी म्हटलं, जिथं आपल्या सगळ्या माणसांची नावं मोठ्यानं घेता येतात ते. या व्याख्येत पुंडलिकनगर बसत नाही, नाशिक बसत नाही, आमचं जर्मन गाव आत्ता कुठं बसू लागलंय. सगळ्यात जवळ येतो तो फर्दापूरचा लॉज.

अप्पा मात्र पाहुण्यांना अजून सांगतात की निखिलचं लग्न जुळलं ते पत्रिकेमुळं. छत्तीसपैकी एकतीस गुण आले होते.