अंबाजोगाईचं ठिपक्यांचं मशीन आणि आरतीचा डावा डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पाट्या एवढ्या बारीक अक्षरात काहून लिहितात, ते आधी मला सांगा. ज्याला धड दिसतं तो तिथं कशाला जाईल, आणि ज्याला दिसत नाही तो पाटीला नाक लावून उभा. मी तशीच उभी होते. मागून एक बाई म्हणाली, आजी, ते संडासाचं दार हाय.

आता राम राम. मी धारूरच्या डोंगराकडच्या वस्तीवरची, शेळ्या राखणारी. दुसरीपर्यंत शिकले, तेव्हा काना-मात्रा चुकला तर गिळून घ्या. जिथं जाते तिथलं फोनवर लिहिते. ह्या खेपेला देवाला गेले नव्हते, नातीचा डोळा दाखवायला गेलते. नात आरती, वय अकरा.

संक्रांतीच्या आधी मी काठीच्या आकडीनं बाभळीची फांदी शेळ्यांपुढं ओढत होते. फांदी निसटली आणि मागं उभ्या आरतीच्या डाव्या डोळ्याला काटा लागला. आमच्यात डोळ्याला काही झालं की शेळीचं दूध सोडतात, थेट सडातून. माझ्या आईनं माझ्या डोळ्यात सोडलं, मी माझ्या लेकाच्या. आरतीच्या डोळ्यात चार दिवस सोडलं, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी डोळा उघडेना तेव्हा दवाखाना गाठला. जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं. आता मशीनवर बघून सांगणार होते, की भिंग लावून त्या डोळ्यानं काही दिसेल का नाही. जायचं कारण एवढंच.

तुम्ही जाणार असाल तर धारूरहून सकाळची एसटी धरा, आडसवरून अंबाजोगाई. दीड तास सांगतात, दोन धरून चला. बायांना अर्धं तिकीट, म्हणून कंडक्टर तोंडही अर्धंच उघडतो. आरतीला खिडकी दिली. आडस मागं गेलं तरी पोर बाहेर बघेना. मग माझ्या ध्यानात आलं, खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. पलीकडच्या बाकावरच्या माणसाला उठवलं आणि जागा बदलली. त्यानं कारण विचारलं नाही, बरं केलं.

स्टँडबाहेरचे पोहे खाऊ नका, नुसते पिवळे असतात. आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. दवाखान्याच्या पायरीवर खाल्ली, पाणी आतल्या माठातलं प्यालो.

मशीनवर सुरेखा नावाची पोरगी होती, युसूफ वडगावची. आरती हनुवटी टेकवायला तयार होईना. मी म्हटलं, आधी माझं बघ, मेला तर जुना डोळा मरेल. माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू मागंच काढलेला. हनुवटी टेकवली, आत लाल उजेड दिसला, आणि झालं.

सुरेखानं पडदा दाखवला. काळ्यावर पांढरे ठिपके, ओळीनं, शेकड्यानं. ती म्हणाली, मशीन डोळ्यात बारीक उजेड सोडतं. तो डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर आपटून परत बाहेर येतो. बाहेरच्या वाटेत नखाएवढी काच बसवलेली, आणि तिच्यावर शेकडो बारकी भिंगं. एकेक भिंग आपल्या वाट्याच्या उजेडाचा एकेक ठिपका पाडतं. डोळा नीट असला की ठिपका आपल्या घराच्या मधोमध पडतो, वाकडा असला की सरकतो. किती सरकला त्यावरून खोट कळते, आणि नेमकी जागाही.

मी विचारलं, एकच मोठं भिंग का बसवत नाहीत. ती म्हणाली, मग सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा होईल, जागा कशी कळणार. पटलं. सगळ्या रानाची ज्वारी एका ढिगात ओतल्यावर कुठल्या तासात, पेरलेल्या कुठल्या ओळीत, उगवलं नाही ते कोण सांगेल.

तिच्या खणात तसल्या काचेचा एक तुटका तुकडा होता. मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली धरून तिनं तो आरतीला दिला. आरतीनं उजवा डोळा लावला.

"आजी, ह्यात खिडक्याच खिडक्या हायत. सगळ्यांत तू उभी हायस."

"एक सोसंना घरच्यांना," मी म्हटलं. पोर हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

ही भिंगं कोण घासतं म्हणून विचारलं, तर घासतच नाहीत. काचेवर वितळणाऱ्या मसाल्याचे बारके तुकडे ओळीनं ठेवायचे आणि तापवायचे. तुकडा वितळला की आपोआप थेंबासारखा फुगून गोल होतो. त्याचा साचा करायचा आणि पुढच्या काचा त्यावर छापायच्या. आकाशातले तारे बघायच्या मोठ्या दुर्बिणींतही असली जाळी असते, मोबाईलच्या कॅमेऱ्यातही. थेंब आपोआप गोल होतो हे मला शिकवायची गरज नव्हती. शेळीच्या सडापासून आरतीच्या डोळ्यापर्यंत मी तो आठ वेळा पाहिलाय.

मग आरती बसली. उजव्या डोळ्याचे ठिपके सरळ उगवले. डाव्याचे कडेला वाकडे-तिकडे, आणि मधोमध काहीच नाही, नुसतं काळं. सुरेखानं तीनदा घेतलं. मशीननं तीनदा आकडा द्यायला नकार दिला. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यात सगळे तास उगवले होते.

डॉक्टर म्हणाले, चष्म्याचं किंवा भिंगाचं काम उरलं नाही. मेलेल्या माणसाचं बुबुळ मिळालं तर बसवता येईल. नाव लिहून घेतलं. कधी, ते सांगता येत नाही. बसवलं तरी किती दिसेल, तेही नाही.

आरतीला बाहेर बसवून मी परत आत गेले. काटा कडेला लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि ठिपके तर मधले गेले होते. मी तेच विचारलं.

डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचा कागद काढला. मग म्हणाले, "दूध घातलं होतं ना? त्यातून जंतू गेले, मावशी. काट्याची जखम बारकी होती."

येताना बसमध्ये आरतीला उजव्या हाताची खिडकी दिली. ती झाडं मोजत होती. मी काही मोजलं नाही.

घरी लेकानं सगळं ऐकून घेतलं आणि मला शेळ्यांच्या वाड्यामागं नेलं.

"आई, दुधानं डोळा गेला हे तिला सांगू नगंस. काट्यानं गेला म्हनायचं, बास."

सूनही मान हलवत होती. दोघं माझं भलं बघतात. त्यांचा राग नाही, पण ते ठिपके त्यांनी बघितले नाहीत.

तुम्ही जा, मशीन चांगलं आहे, खोटं बोलत नाही. डोळ्याला काही लागलं तर त्याच दिवशी जा, शेळीकडं जाऊ नका. खाली "काळजी करू नका आजी" असलं लिहू नका, मला त्याचा उपयोग नाही.

आणि लेका, सूनबाई, हे तुमच्यासाठी. आरती मोठी होईल, आरशात बघेल, विचारेल डोळा कशानं गेला. तेव्हा तुम्ही दोघांनी गप बसायचं. काट्याचं नाव काढायचं नाही. मी असले तर मला हाक मारायची, नसले तर हे लिहिलेलं तिच्या हातात द्यायचं. जवाब माझ्याच तोंडून जायचा.