जगदेवीचे डोळे

सिद्धेश्वरचा फोटो स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मधे एकच भिंत. जळकोटला, हायवेला लागून. एकोणीस वर्षं मी या माणसाशी भांडतोय. त्याची बॅनर लावायची शिडी माझ्या दारात, माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या त्याच्या दारात, रोजची कटकट. पण त्याचं काम बघत बसायला मला आवडायचं. हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता.

त्यानं सोलापूरहून ड्रॉइंग टॅबलेट आणला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याची टर उडवली. काळी पाटी आणि बिनशाईचा पेन. पेन पाटीवर फिरवायचा आणि रेघ उमटायची समोर कॉम्प्युटरवर. हात एकीकडं, नजर दुसरीकडं. मी म्हणायचो, "सिद्धाप्पा, या वयात परत बालवाडीत नाव घातलंस का?" तो ऐकायचाच नाही. पेन दाबला की जाड रेघ, सैल सोडला की पापणीच्या केसाएवढी. दोन महिन्यांत त्याचा हात असा बसला की मला हसणं बंद करावं लागलं.

त्याचं नाव झालं ते एका वेगळ्याच कामामुळं. तेव्हा घरोघर मोबाईल नव्हते. एखादी म्हातारी जायची आणि मग घरच्यांच्या ध्यानात यायचं, की हिचा एकही फोटो नाही. मयताच्या दिवशीच सिद्धेश्वरला बोलावणं यायचं. तो जाऊन चेहऱ्याचा फोटो काढायचा, आणि दुकानात बसून पेनानं तिचे मिटलेले डोळे उघडायचा. नाकातला कापूस काढायचा, केस विंचरायचा, अंगावर चांगलं लुगडं चढवायचा. तेराव्याला फ्रेम तयार. "हुबेहूब आमची आई," म्हणून लेकी फ्रेम छातीशी धरून रडायच्या.

हे डोळे कुणाचे, ते त्याच्या घराबाहेर फक्त मला ठाऊक होतं. पहिल्या म्हातारीला त्यानं इंटरनेटवरचे लावून बघितले, तर ती नटीसारखी दिसायला लागली. मग त्यानं बायकोचे लावले. नवा कॅमेरा आणला त्या दिवशी त्यानं जगदेवीला दुकानाच्या दारात उभं करून एक फोटो काढला होता, नुसता कॅमेरा तपासायला. ती सरळ त्याच्याकडं बघत होती. तेच डोळे तो कापून घ्यायचा आणि वयाप्रमाणं सुरकुत्या घालायचा, पांढऱ्या भागाला पिवळट छटा द्यायचा, पापणी जरा उतरवायचा. तुळजापूर, लोहारा, उमरगा, तीन तालुक्यांत मिळून तीस-चाळीस बायका जगदेवीच्या डोळ्यांनी भिंतीवरून बघत होत्या.

जगदेवीवहिनी हसायच्या. म्हणायच्या, "अवो, माज्या डोळ्यानं अजून किती जणी बघनार हायत?"

मग एका हिवाळ्यात त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, डावी पापणी ओघळली. सोलापूरचे डॉक्टर झाले, झाडपाला झाला, फरक पडला तो थोडाच. वहिनी पदर डाव्या गालावर ओढून वावरू लागल्या. कुणी मोबाईल वर केला की पाठ फिरवायच्या. सिद्धेश्वरला एकदाच म्हणाल्या, "चांगले डोळे आता तुमच्या पेटीतच हायत." पेटी म्हणजे कॉम्प्युटर. मी तिथंच होतो.

आणि एक गोष्ट आता कबूल करतो. दहा वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यालो, पण मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचो नाही. त्यांना अवघड वाटू नये म्हणून कपाकडं बघायचो. मला वाटायचं, हा माझा चांगुलपणा.

पुढं घरोघर मोबाईल आले आणि डोळे उघडायचं काम संपलं. पाटीवर वाढदिवसाचे बॅनर व्हायला लागले. एकदा विजेच्या झटक्यानं हार्ड डिस्क गेली, त्यात जुनं सगळं गेलं. सिद्धेश्वर दोन दिवस हळहळला आणि कामाला लागला. काय गेलंय, ते त्यालाही तेव्हा कळलं नाही.

ते कळलं गेल्या साली. जगदेवीवहिनी किडनीच्या दुखण्यानं गेल्या.

पहिल्या पुण्यस्मरणाला फोटो पाहिजे. दारातला तो फोटो आणि घरचे जुने फोटो हार्ड डिस्कबरोबर गेलेले. लग्नाच्या अल्बममध्ये चाळीस फोटो, आणि चाळीसही फोटोंत नवरीची नजर खाली. वारं गेल्यानंतरच्या सगळ्या फोटोंत पदर नाहीतर पाठ. आधार कार्डावर डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. लेक निकिता, तिचे डोळे बापावर गेलेत. सिद्धेश्वरनं लग्नातलाच एक चेहरा घेतला आणि पेनानं हळूहळू वयात आणला. कानावरचे केस पिकवले, हनुवटी भरली. डोळे तेवढे राहिले. ज्या माणसानं तीस-चाळीस परक्या बायकांचे डोळे उघडून दिले, तो घरच्या बाईपाशी अडला. रोज काढायचा, रोज पुसायचा. पाटीचा मधला भाग घासून गुळगुळीत झाला.

एक दिवस मी तडकलो. "वीस वर्षं संसार केलास की रे! बायकोचे डोळे आठवंनात तुला?"

त्याचा पेन थांबला. माझ्याकडं वळलाही नाही. जीभ तोडून टाकावी असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "श्रीनाथ, गाडी काढ. लोकांच्या भिंतीवर हायत ते. परत आनू."

पहिल्या दोन घरांत काही मिळालं नाही. एका फ्रेमला वाळवी लागली होती, दुसऱ्या घराला कुलूप होतं, माणसं पुण्याला. मग आम्ही लोहाऱ्यावरून सास्तूरला गेलो, दगडोबांच्या घरी. त्यांची बायको सारजाबाई बारा वर्षांपूर्वी गेलेली. दगडोबांनी ऐंशी ओलांडलेली, पण सिद्धेश्वरला त्यांनी दारातच ओळखलं.

"या या फोटूवाले! तुमी तर आमची म्हातारी परत आनून दिली," ते म्हणाले. "रोज सकाळी च्या घेताना बोलतो मी हिच्यासंगं. बगा की, कशी बगती माज्याकडं."

भिंतीवर सारजाबाई होत्या. सिद्धेश्वर त्या फोटोपुढं जाऊन उभा राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नाही. कसाबसा म्हणाला, "मामा, रंग उडालाय. नवा करून देतो."

दगडोबांनी फ्रेम उतरवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बाहेर उन्हात आणून धरली. सिद्धेश्वरनं काच काढून त्या फोटोचा कॅमेऱ्यानं फोटो घेतला. निघताना म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला. "एक करा. डोळ्याला हात लावू नगा. बाकी काय बी करा."

आम्ही तसेच जळकोटला परतलो.

दुकानात त्यानं तो फोटो उघडला, मोठा केला आणि पेन घेतला. आता काम उलटं होतं. सुरकुती काढली. पिवळट छटा काढली. उतरवलेली पापणी वर घेतली. सारजाबाईंचा डावा डोळा जरा बारीक होता असं तेव्हा लेकींनी सांगितलं होतं, म्हणून त्यानं तो बारीक केला होता, तो मोठा केला. पण किती मोठा? किती केला होता, हे बारा वर्षांनी कुणाच्या ध्यानात राहतं? एक रेघ त्याची निघायची, एक जगदेवीची निघायची, आणि कुठली कुणाची हे त्यालाच सांगता येईना. शेवटी जे उरलं ते त्यानं जगदेवीच्या चेहऱ्यात बसवलं.

मी बघितलं. चांगली बाई होती. डोळ्यांत माया होती. पण मला वहिनी दिसेनात. आणि वहिनींचे डोळे कसे होते, ते मलाही सांगता येईना.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी निकिता लातूरहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी कॉम्प्युटरवर नजर गेली तिची.

"पप्पा, ही कोण?"

सिद्धेश्वरनं पेन पाटीवर ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "धा वर्षं ती माज्यासमोर जेवायला बसली, श्रीनाथ. तिला वाईट वाटंल म्हनून मी ताटात बघत जेवलो. तीच म्हनायची, 'जरा बगा की माज्याकडं.' मला वाटायचं, वरवर म्हनती." मग तो रडला. लेकीसमोर, माझ्यासमोर, दुकानाचं दार उघडं असताना. मला त्याला धरता आलं नाही. मी उठून शटर अर्धं ओढलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लग्नातलाच फोटो लावला, नजर खाली असलेला. लोक फुलं वाहून गेले. नवरी दिसती, लक्ष्मी दिसती, असं काय काय म्हणाले.

दगडोबांची फ्रेम त्यानं नवी करून स्वतः नेऊन दिली. डोळ्यांना हात लावला नाही.

परवा ढोकीकडचा एक माणूस आला. आई वारलेली, मोबाईलात एकच बरा फोटो, आणि नेमके त्यात डोळे मिटलेले. कुणीतरी सांगितलं होतं, जळकोटचा सिद्धेश्वर डोळे उघडून देतो. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. सिद्धेश्वरनं फोटो बराच वेळ बघितला.

"न्हाय जमनार, दादा," तो म्हणाला. "माज्याकडचे डोळे संपले."

त्या माणसाला काही कळलं नाही. तो माझ्या दुकानात येऊन विचारायला लागला, गावात दुसरा फोटोवाला कुठं आहे. मी हातानं रस्ता दाखवला.